कांच आणि कान

पूर्वीं मोटारीच्या कांचेला फिरवावयाचा दांडा होता, तोंवर दोष कोठें आहे हें मनगटालाच कळत असे. आतां नुसती कळ दाबावयाची. आणि कांच हलली नाहीं तर विचारावयाचें कोणाला?

गेल्या आषाढांत वाशीला आमच्या गाडीच्या मागल्या डाव्या दाराची कांच खालीं गेली ती वर येईना. खाडीकडून तिरपा पाऊस येत होता. एका कारखान्यांत दारांतील सारी यंत्रणाच बदला असें सांगितलें. (रोगाचें नांव न विचारतां अवयव बदलणें हेंच हल्लींचें शास्त्र दिसतें!) बाजार समितीजवळचे म्हातारे मिस्त्री मात्र कळ दाबून ऐकत राहिले. आंत विजेची मोटर गुणगुणली असती, तर कांच ओढणारी तार तुटली असें ठरलें असतें. येथें आवाजच नव्हता. फ्यूज चारी कांचांना एकच, आणि बाकीच्या तीन सुरळीत हलत होत्या. म्हणजे तो शाबूत. मग चालकाजवळची कळ मला दाबून धरावयास सांगून त्यांनीं तें दार हळूहळू उघडमीट केलें. दार अर्धें उघडतांच कांच दचकून वर सरकली!

दार आणि खांब यांमधील रबरी नळींत विजेची तार रोज वांकत असते, आणि एके दिवशीं आवरणाच्या आंत गुपचूप तुटते. मिस्त्रींनीं तेथें नवा तुकडा घातला. पण डाखाचे सांधे वांकणाऱ्या भागापासून दूर ठेविले, कारण ताठ डाखापाशीं तार पुन्हां मोडते.

कांच वर चढल्यावरहि त्यांनीं दार वीसेक वेळां उघडून मिटून पाहिलें. मग पैसे सांगितले ते तारेचे आणि तासाभराच्या मजुरीचे. ऐकण्याचे त्यांत धरले नव्हते.