आमची पेटी आणि त्यांचें तुणतुणें

कॉलेजांत शेक्सपीअर शिकविणाऱ्या मनुष्याचें लोकसंगीताच्या संमेलनांत काय काम, असें वाचक विचारतील. आम्हांस तेथें नेलें तें आमच्या पेटीनें. चाळीस वर्षें आम्ही ती हौसेनें वाजवीत आलों आहों. चालकांनीं साथीला बोलावलें, आणि मनांतून आम्ही फुलून गेलों.

दोन दिवसांत वासुदेव, भराडी, वाघ्या-मुरळी असे अनेक जण रंगमंचावर येऊन गेले. प्रत्येकास दहा मिनिटें! ज्या विधीस रात्र पुरत नाहीं, तो दहा मिनिटांत उरकावा, हें चालकांच्या घड्याळाखेरीज कोणासच पटलें नसावें. चौंडकें मात्र आम्हांस प्रथमच जवळून पाहावयास मिळालें. लांकडी नळकांड्याच्या एका तोंडावर कातडें, कातड्याच्या मध्यांतून निघालेली तांत. नळकांडें काखेंत दाबून तांत ताणली, सैल केली, कीं स्वर चढत-उतरत जातो. एका स्वरावरून दुसऱ्यावर असें घसरत जाणें आमच्या पेटीस जन्मांत साधावयाचें नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. त्या बंदीस आम्ही आजवर नांवें ठेवीत आलों होतों.

मग साठी उलटलेले एक गोंधळी आले. "बुवा, पट्टी कोणती?" आम्हीं विचारलें. साथीदारानें तुणतुणें छेडलें. "ही," बुवा म्हणाले. ती 'ही' काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्यें होती! चालकांनीं खूण केली. बिचाऱ्या साथीदारानें खुंटी पिळून तुणतुणें पांढरी दोनला आणलें. आवाहन सुरू झालें. तुळजापूरची भवानी झाली, माहूरची रेणुका झाली, आणि वरच्या स्वराशीं बुवांचा आवाज चिरकला. आम्हीं भाता मिटला. बुवांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें, साथीदारास खुणावलें, खुंटी सैल झाली, आणि आवाज असा मोकळा सुटला कीं चालकांनींही घड्याळ पाहिलें नाहीं.

१९०३ सालीं सॉमरसेटमध्यें सेसिल शार्पनें एका माळ्याला गवत कापतांना गातांना ऐकलें. (माळ्याचें आडनांवही इंग्लंडच!) त्यानें तें गीत टिपून घेतलें आणि त्याच सायंकाळीं पियानोच्या साथीवर मंडळींस ऐकवलें. ही हकीकत वर्गांत आम्ही मोठ्या कौतुकानें सांगत असूं. माळ्यास तें ऐकून काय वाटलें असेल, हें विचारावयाचें आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.

"तुमच्या घरीं गोंधळ कोणता, मास्तर? रेणुराई का कदमराई?" चहा घेतांना बुवांनीं विचारलें.

आम्हांस सांगतां येईना. पूर्वीं आमच्या घरीं प्रत्येक लग्नानंतर गोंधळ होई. आमच्या लग्नाच्या वेळीं आम्ही नुकतेच एम. ए. झालों होतों, हें थोतांड आम्हांस नको, असें वडिलांस बजावलें. ते कांहीं बोलले नाहींत. संबळ घेऊन आलेल्या गोंधळ्यास ओटीवरच शिधा आणि दक्षिणा देऊन त्यांनीं परत लावलें. पुढें बारा वर्षें ते होते. तो विषय त्यांनीं पुन्हा काढला नाहीं.

"होत असे पूर्वीं," आम्ही म्हणालों.

"गांव कोणतें आपलें?"

आम्हीं सांगितलें.

"त्या बाजूचीं घरें आतां बोलवीत नाहींत," बुवा सहज म्हणाले, आणि संबळ फडक्यांत बांधूं लागले.

पेटी उचलावयास कोणी मिळेना. शेवटीं त्यांच्या त्या तुणतुणेंवाल्यानेंच ती खांद्यावर घेतली आणि आमच्या मोटारीपर्यंत पोंचवून दिली.