दूरचा टाळ

एकादशीला आमच्या मुडबी गावच्या भजनात पुण्या-हैदराबादला गेलेली पोरं फोनवरून सामील झाली, आणि पहिल्याच अभंगात टाळ नाहीसा झाला. माणसांचे आवाज येत होते; टाळ तेवढा फोनने गोंगाट समजून पुसून टाकला. तंबोऱ्याचीही हीच गत. सारखा वाजतोय म्हणजे पंखाच असणार, असा त्या यंत्राचा हिशेब!

मग गजर सुरू झाला आणि रांगत गेला. पुण्याचा मुडबीसाठी थांबे, मुडबीचा पुण्यासाठी, लय आपली खाली खाली. वाट काही लांबची नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पुण्याहून इथवर यायला त्याला दोन-तीन मिलिसेकंद पुरेत. खोळंबा होतो तो मुख्यतः दोन्ही टोकांच्या यंत्रांत. एकत्र वाजवणाऱ्यांना 25-30 मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर खुपू लागतो, आणि तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम दहा मीटर चालतो. म्हणजे लांब दिंडीतला शेवटचा टाळकरीही उशिराच ऐकतो की! पण त्याला मृदंग्याचा हात दिसतो, पुढच्याचं पाऊल दिसतं.

एकत्र गाण्यावरून आठवलं: मुडबीच्याच तालुक्याचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. हत्ती, स्वयंपाक, कुस्ती, गाणं, सगळं त्यात आहे. आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हेही राजाने टिपून ठेवलंय. त्याच्या साऱ्या लढायांपेक्षा मला ही नोंद मोठी वाटते. एका उखळात दोन मुसळं, दोघी समोरासमोर. ताल चुकला की मुसळावर मुसळ. आमची आजी जात्यावर बसली की भिंतीपलीकडची शेजारीण तिच्या जात्यावरून ओवीला ओवी जोडायची. शेजारीण कानडी, कधी आपली तीन ओळींची त्रिपदीच म्हणायची. भाषा दोन, भिंत मध्ये, तोंड एकमेकींना दिसत नाही, तरी गाणं अडलं नाही. एकीचं संपेपर्यंत दुसरी ऐकायची, दळायची, दम घ्यायची. ही थांबायची जागा गजरात नसते. मला तर ओवी तेवढ्यासाठीच आवडते.

तेव्हा फोनवरच्या भजनी मंडळींनो, गजर गावात येऊन करा. दुरून गायचंच असेल तर पाळीपाळीने म्हणा, आणि त्याआधी फोनची ती आवाज गाळायची सोय बंद करा.