मोठी माणसं नसलेलं बेट

विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. मूळ इंग्रजीत, नाहीतर जी. ए. कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. १९५४ सालची कादंबरी. विमान पडतं, शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात, सोबत एकही मोठं माणूस नाही. आधी शंख वाजवून सभा भरवतात, नियम करतात... आणि मग टोळ्या पडतात, तोंडं रंगवली जातात, शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. मी कॉलेजात असताना वाचली होती. दोन दिवस धड जेवण गेलं नव्हतं.

पण अशीच एक खरी गोष्टही आहे, आणि ती वेगळीच घडली. २०२० साली रुटगर ब्रेगमन या डच लेखकाच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली.

१९६५ साल. प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं. बोर्डिंगच्या शाळेला कंटाळली आणि एका कोळ्याची होडी पळवून समुद्रात निघाली. बरोबर काय? थोडी केळी, काही नारळ. वादळात शीड फाटलं, सुकाणू मोडलं. आठ दिवस होडी वाहत होती. करवंटीत पावसाचं पाणी धरायचं आणि सकाळ-संध्याकाळ एकेक घोट प्यायचं. शेवटी लागली ती 'आता' नावाच्या बेटाला. (हो, नाव खरंच तसं आहे!)

तिथे ती मुलं पंधरा महिने राहिली. दोघादोघांच्या जोड्या करून कामाच्या पाळ्या लावल्या : बागेची, स्वयंपाकाची, राखणीची. विस्तव पेटवला आणि तो वर्षभर विझू दिला नाही. पाणी साठवायला झाडाचे ओंडके पोखरले. वाहून आलेलं लाकूड, अर्धी करवंटी आणि मोडक्या होडीच्या तारा जोडून चक्क गिटार केली. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं, डोकं थंड झालं की परत येऊन माफी मागायची. एकाचा कड्यावरून पडून पाय मोडला, तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो बसवला आणि त्याची कामं वाटून घेतली. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाच्या बोटीला ती सापडली, तेव्हा घरच्यांनी त्यांचे अंत्यविधीसुद्धा उरकलेले होते.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, गोल्डिंग चुकला, मुलं मुळात चांगलीच असतात. मला ते तितकंसं पटत नाही. मला त्या गोष्टीतल्या कोंबड्या महत्त्वाच्या वाटतात.

त्या मुलांना बेटाच्या माथ्यावर एक मोडकं जुनं गाव सापडलं होतं. तिथे केळी होती, अळूच्या जातीचे कंद होते, आणि रानटी झालेल्या कोंबड्या. कुणाच्या? तर १८६३ साली गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका जहाजाने फसवून तिथली दीडशेच्या आसपास माणसं पळवून नेली. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. माणसं गेली, कोंबड्या राहिल्या. शंभर वर्षं आपल्या आपण वाढत राहिल्या आणि सहा पोरांचं पोट भरलं. म्हणजे मोठी माणसं त्या बेटावर नव्हती असं कसं म्हणायचं?

आणि ती प्रार्थना, त्या पाळ्या, ते माफी मागणं... तेही घरातूनच आलं असणार ना. गोल्डिंगच्या मुलांनीही घरचंच बरोबर नेलं होतं. ती महायुद्धातून पळवलेली मुलं आहेत, आणि शेवटी त्यांना सोडवायला येतो तोही युद्धनौकेवरचा अधिकारी!

हे सगळं मला इतकं का लागतं, ते आमच्या नातलगांना ठाऊक आहे. एप्रिल २०२१ मध्ये आम्ही दोघंही एकाच दिवशी हॉस्पिटलात भरती झालो. लेक तेरा वर्षांची, धाकटा आठचा. दोघांची टेस्ट निगेटिव्ह, पण घरात कुणी येऊ शकत नव्हतं. शेजारच्या काकू दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवायच्या. अकरा दिवस ही दोघंच.

परत आलो तेव्हा घर जागच्या जागी होतं. फ्रिजवर कामाचा तक्ता. भांडी याची, कपडे तिचे. गोड काही आलं तर एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, हा माझ्या सासूबाईंचा नियम. संध्याकाळी शुभंकरोती, जी आमच्याकडे कित्येक वर्षांत झाली नव्हती. धाकटा म्हणाला, "ताई म्हणाली, आजी असती तर म्हणायला लावलीच असती."

आणि एक वही सापडली. दोन रकाने. एकावर लिहिलं होतं, 'आईला फोनवर सांगायचं'. दुसऱ्यावर, 'नंतर सांगायचं'. दुसऱ्या रकान्यात होतं : याला उलटी झाली. गॅसचा वास आला, खिडक्या उघडल्या. रात्री दोघं रडलो.

मी तिला विचारलं, हे कुठून सुचलं गं? ती म्हणाली, "तुम्ही नाही का आजीला फोनवर सगळं छान आहे सांगता?"

काय बोलणार? सासूबाईंना वाईट बातमी कळू द्यायची नाही, ही आमच्या घरची पद्धत. ती कुणी तिला बसवून शिकवली नव्हती. वाटे करण्याचा नियमही नाही, शुभंकरोतीही नाही. आम्ही ठरवून शिकवलेलं खूप होतं, पोहण्यापासून अबॅकसपर्यंत, पण त्यातलं त्या अकरा दिवसांत काही वापरलेलं दिसलं नाही. :)

२०२३ मध्ये कोलंबियाच्या जंगलात विमान पडलं. आई गेली, आणि चार भावंडं चाळीस दिवस जगून बाहेर आली. थोरली तेरा वर्षांची, धाकटं तान्हं, त्याचा पहिला वाढदिवस जंगलातच झाला. कुठलं फळ खायचं ते थोरलीला आजीकडून ठाऊक होतं. ती बातमी मी लेकीला मुद्दाम वाचायला दिली नाही. तिने आपली आपणच वाचली, आणि त्या दिवशी उगीचच दोनदा मला ऑफिसात फोन केला.

आता ती शिकायला परगावी असते. फोनवर म्हणते, "सगळं छान आहे." मी हल्ली लगेच विचारते, "आणि दुसऱ्या रकान्यात काय आहे?" कधी हसते, कधी सांगते.