कापूसवाल्याच्या पोराची गाडी

आमच्याकडं सुझुकी कुणी म्हणत नाही, मारुतीच म्हणतात. पण मूळ माणूस मिचिओ सुझुकी. जपानातल्या हामामात्सुकडच्या खेड्यात, कापूस पिकवणाऱ्याच्या घरात १८८७ साली जन्मला. सुतारकी शिकला, १९०९ साली माग बनवायचा कारखाना काढला. १९५५ साली त्याच्या कंपनीनं सुझुलाइट ही छोटी मोटार आणली. आपल्याकडं १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढच्या वर्षी व्हॅन.

आम्ही व्हॅन घेतली ती जुनीच. इंजिन पुढच्या सीटखाली, उन्हाळ्यात बूड भाजायचं. पण मागची सीट काढली की टोमॅटोचे क्रेट बसायचे, अन् सीट लावली की गावातला आजारी माणूस.

बांधावरनं चुलतभावाचं नि माझं बोलणं तुटलेलं. एका रात्री त्याच्या सुनेला कळा सुटल्या. तो दारात येऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, गाडी काढतोस का?"

"चल," म्हणालो. तालुक्याच्या दवाखान्यात पहाटे नात झाली.

बांधाचा वाद अजून आहे तसाच आहे. व्हॅन कधीच भंगारात गेली. पण ती पोरगी मला गाडीवाला आजा म्हणते, आणि तिच्या आजाला ते चालतं.