मधलं कपाट

मराठीत प्रणयकथा लिहायला बसलं की पहिली अडचण लाजेची नसते, शब्दांची असते. शरीराबद्दल लिहायला आपल्याकडे दोनच कपाटं उघडी असतात. एकात जीवशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत शब्द, दुसऱ्यात शिव्या. पहिल्यातले वापरले तर प्रसंगाला दवाखान्याचा वास येतो, दुसऱ्यातले वापरले तर नाक्यावरच्या भांडणाचा.

मी चार वर्षं टोपणनावाने एका ॲपवर प्रेमकथा लिहितेय. त्यातल्या काही 'फक्त प्रौढांसाठी'. लिहिता लिहिता कळलं, की मधलं कपाटही आहे. ते आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीतल्या 'यू'ला जे जमत नाही, ते मराठीत एका सर्वनामाने होतं. ऑफिसात एकमेकांना 'तुम्ही' म्हणणारे दोघं एका संध्याकाळी 'तू'वर येतात, तेव्हा कुणी कुणाला हात लावलेला नसतो, पण वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. माझ्या एका मालिकेत हे आठव्या भागात घडलं. सगळ्यात जास्त मेसेज त्याच भागावर आले.

दुसरा धडा संमतीचा. नायिकेच्या 'नाही'त 'हो' दडलेला असतो, हे आपल्याला सिनेमाने शिकवलं. माझा नायक मधेच विचारतो, "थांबू का?" ती म्हणते, "नको थांबूस." एवढ्या दोन वाक्यांत जी ऊब येते, ती अवयवांची यादी देऊन येत नाही. कोणाला काय हवंय आणि कोण कशासाठी थांबलंय, हे माहीत असलं की प्रसंग अर्धा लिहून झालेला असतो.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही," असं कुणी म्हटलं की मला 'गाथासप्तशती' आठवते. आपल्याच मातीतल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांमध्ये बायका स्वतःच्या इच्छेबद्दल मोकळेपणाने बोलतात. पण चंद्रकांत काकोडकरही आठवतात. १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९६९ साली ते निर्दोष सुटले. एका कथेसाठी सात वर्षं! आजही भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि आयटी कायद्याचं कलम ६७ आहेच. म्हणून पात्रांची वयं मी पहिल्याच भागात स्पष्ट लिहिते आणि प्रौढांसाठीची सूचना कधी विसरत नाही.

आता पैशांचं. ॲपवर भाग हजार-बाराशे शब्दांचा असतो आणि शेवट असा हवा, की वाचक पुढचा भाग पैसे देऊन उघडेल. दर भागात प्रणय टाकला तर लोक कंटाळतात. ताणून धरलं तर थांबतात. करारात 'सर्व हक्क' हे दोन शब्द दिसले की मी पेन खाली ठेवते. ऑडिओ, छापील पुस्तक, भाषांतर, वेब सिरीज हे सगळे हक्क वेगवेगळे आहेत आणि वेगवेगळे विकता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. हे माहीत नसलेल्या मैत्रिणींना मी आवर्जून सांगते.

टोपणनाव वाचकांपुरतं. बँकेला आणि पॅन कार्डाला माझं खरं नाव माहीत आहे. घरी मात्र मी 'कंटेंट रायटर' आहे. आईने माझा लग्नाचा बायोडेटा केलाय, त्यात छंदाच्या रकान्यात 'वाचन, लेखन' असं लिहिलंय. याच लेखनातून दोन वर्षं घराचं भाडं जातंय, हे तिला ठाऊक नाही.

माझं पहिलं छापील पुस्तक येतंय. मुखपृष्ठावर कुठलं नाव टाकायचं, असं प्रकाशकांनी विचारलं. मी खरं नाव सांगितलं. पुस्तक दुकानात जायच्या आत आईला मीच सांगणार आहे. तिच्यासमोर ना पहिल्या कपाटातले शब्द चालतील, ना दुसऱ्या. आठ दिवस झाले, वाक्य जुळवतेय.