राहून गेलेलं ताट

स्वप्न पडलं असं कुणी सांगितलं, की आमच्या घरातल्या बायका आधी वेळ विचारतात. रात्री की पहाटे? पहाटेचं असेल तर खरं होतं म्हणे. चांगलं असेल तर परत झोपायचं नाही, वाईट असेल तर णमोकार म्हणून पुन्हा डोळे मिटायचे. साप दिसला, दात पडला, कुणाचं लग्न दिसलं, सगळ्यांचे अर्थ ठरलेले. आमच्या थोरल्या जाऊबाई या बाबतीत चालतं-बोलतं पंचांगच आहेत.

आम्हा जैन बायकांना स्वप्नांचं कौतुक असणारच. त्रिशलामातेची सोळा स्वप्नं आम्ही लहानपणीच पाठ केलेली: हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, दोन कलश, कमळांचं तळं, करत करत शेवटी धूर नसलेला अग्नी. श्वेतांबरांकडे ती चौदा. पंचकल्याणक पूजेत गर्भकल्याणकाच्या दिवशी हा प्रसंग करून दाखवतात. बेळगाव-निपाणीकडे मी तो कितीतरी वेळा पाहिलाय. राणी येते, राजा सिद्धार्थ तिला शेजारी बसवून घेतात, ती एकेक स्वप्न सांगते आणि ते त्याचं फळ सांगतात. मंडपातल्या बायका मन लावून बघत असतात. मला वाटतं, त्यांना हत्ती-सिंहापेक्षाही जास्त आवडतं ते हे, की बाई बोलतेय आणि घरचा पुरुष सगळं ऐकून घेतोय.

माझं स्वप्न ऐकून आमचे ‘हे’ म्हणाले, “संध्याकाळी झुणका जास्त झाला असेल.”

मार्गशीर्षातली गोष्ट. स्वप्नात माझ्या माहेरचं जुनं स्वयंपाकघर होतं. पश्चिमेच्या खिडकीत सूर्य भराभर खाली उतरत होता, विहिरीत दोरीनं कंदील सोडावा तसा. पंगत बसलेली, मी वाढतेय. एक उठला की त्या जागी दुसरा. गेलेली माणसं होती, माझी मुलं पुन्हा लहान होऊन बसली होती. ओळीच्या टोकाला एक ताट मांडलेलं, ते माझं. मला कळत होतं, की आता बसले तर पाच मिनिटं आहेत. तेवढ्यात आवाज आला, “मीठ आण गं.” मीठ आणलं. मग भाकरी. मग पाणी. खिडकी काळी झाली. मी रडले नाही, भूक लागल्याचंही आठवत नाही. मी ते ताट उचललं, मोरीत नेलं आणि घासायला लागले. त्याला अन्नाचा कणही लागला नव्हता, आणि मी ते राखेनं खसाखसा घासत होते. त्या आवाजानंच जाग आली.

हे स्वप्न खरं होईल का, असं मी जाऊबाईंना विचारलं नाही. ते कधीचंच खरं झालं होतं.

आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. बेळगावात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ बघून माझी दुपार ठरते. मुलगा दुकानातून साडेपाचला येणार, सासूबाईंना भाकरी मऊ आणि गरम हवी, कुणी पाहुणा आला तर आधी त्याचं. आठवड्यातून दोनदा-तीनदा सगळ्यांचं होईतो बाहेर अंधारतं. मग मी म्हणते, “असू दे, माझं आज राहिलं.” आणि घरातलं कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “हिला तपाची सवय आहे.” ते ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्याही वाट्याला हेच कौतुक आलं. तिचं राहून गेलेलं जेवण घरात उपवासात धरलं जायचं.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ‘अकामनिर्जरा’ असा एक शब्द आहे. आपली इच्छा नसताना, परिस्थितीनं भाग पाडलं म्हणून माणूस भूक-तहान सोसतो, आणि त्यानंही थोडी कर्मं झडतात. शास्त्रानं त्या सोसण्याचं मोल मानलंय, पण त्याला तप म्हटलेलं नाही. तप ते, जे समजून-उमजून स्वतः घेतलं. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत अकामनिर्जरा समजावताना उदाहरण दिलंय ते बंदिवानाचं. स्वाध्यायात ते उदाहरण मी पूर्वीही वाचलं होतं. स्वप्नानंतर मात्र ते मला चुलीपाशी उभं राहिलेलं दिसलं.

आता आमचं घर काही तुरुंग नाही. माणसं चांगली आहेत. स्वप्नात मीठ मागणारा आवाज कुणाचा, ते मी पुष्कळ आठवून पाहिलं. घरातल्या कुणाचाच नव्हता. म्हणजे कुणाशी भांडून हे मिटणारं नव्हतं. मांडणीच बदलायला हवी होती.

दुसऱ्या आठवड्यात मी सांगून टाकलं. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सगळी पातेली मधे ठेवायची, ताटं एकदम मांडायची, माझ्यासकट. जो तो आपापलं वाढून घेईल. ‘हे’ काही बोलले नाहीत, पण पहिल्या दिवशी आमटीचा डाव कुठल्या हातात धरायचा असा प्रश्न पडल्यासारखे बसले होते. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “माझं ताट तुझ्याजवळ मांड.” जेवताना हळूच सांगितलं, “आमच्या वेळी अकरा माणसं होती घरात. बसून जेवले असं मला आठवतच नाही बघ.” एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. चांगली गरम होती.

अष्टमी-चतुर्दशीचे उपवास मी सोडलेले नाहीत. आदल्या दिवशी बस्तीत नियम घेते, घरी सांगते, आणि त्या दिवशी पोटात जी भूक असते ती माझी स्वतःची असते. ती सोसताना जीव शांत राहतो. राहून गेलेल्या जेवणानं असा शांत कधी राहिला नव्हता, डोकं मात्र दुखायचं.

वैशाखात घरात सून येतेय. तिच्याकडची माणसं विचारत होती, की तुमच्याकडे रात्री जेवत नाहीत, तर पोरीला जमेल का? मी म्हटलं, नियम घ्यायचा की नाही ते ती ठरवेल, पण सूर्य असताना तिचं ताट आमच्याबरोबर मांडलेलं असेल.

मैत्रिणींनो, तुम्हालाही असं काही दिसलं, तर साप-दाताचा अर्थ शोधायच्या आधी एवढं बघा, की स्वप्नात तुम्ही काय काम करत होता. बहुतेक वेळा सकाळी उठून तेच करायला लागतो आपण.