हिरव्या मुलखातील विहीर

वैशाख लागला की जालन्याच्या आसमंतात उन्हाच्या झळा नाचू लागतात. पारा ४० अंशांच्या वर चढतो. कुंडलिकेच्या पात्रात दगडगोटे तेवढे उरतात आणि काळ्या रानाला भेगा पडतात. अशाच एका सुटीत मोसंबीची बाग राखणारे एक कुटुंब चार दिवसांच्या विसाव्यासाठी कोकणात निघाले. बारा वर्षांच्या मुलाने समुद्र कधी पाहिला नव्हता.

कुंभार्ली घाट उतरून, चिपळूण मागे टाकून ते गुहागरास पोहोचले, तो सृष्टीचे रूपच पालटले. नारळी-पोफळीच्या आगरांत भर दुपारीही सावली दाटलेली होती. सुरूच्या बनातून वारा शीळ घालीत होता आणि पलीकडे लांबच लांब किनारा निवांत पहुडला होता. समुद्र जमिनीइतका लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. म्हणून त्याच्या काठी ना कडक ऊन, ना कडाक्याची थंडी. अंगाला घाम येई, पण झळ म्हणून लागत नसे.

मुलाला त्या हिरवाईचा हेवा वाटला. जालन्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो ३,००० मिलिमीटरांहून अधिक. २०१२ सालच्या दुष्काळात घरची बाग कशी वाळली, झाडांवर कुऱ्हाड कशी चालवावी लागली, हे वडिलांच्या तोंडून त्याने अनेकदा ऐकले होते. येथील लोकांना पाण्याची चिंता ती कसली, असे त्याच्या मनात आले.

तिसऱ्या दिवशी घरमालक आजोबा त्याला डोंगरावरच्या सड्यावर घेऊन गेले. तेथे हिरवाई सरली होती. उघडा कातळ तापला होता. एका वाडीच्या विहिरीने तळ गाठला होता आणि काठावर हंडे घेऊन बाया टँकरची वाट पाहत होत्या.

मुलगा थबकला. "आजोबा, एवढा पाऊस पडतो, मग पाणी जाते कुठे?"

"बाळ, पाऊस येतो आणि आल्या पावली समुद्राला मिळतो," आजोबा म्हणाले. "उतार तीव्र, नद्या आखूड आणि हा जांभा दगड सच्छिद्र, त्याला पाणी धरून ठेवता येत नाही. पडते किती, याला मोल नाही. राहते किती, याला आहे."

परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ गप्प होता. मग वडिलांनी त्याला कडवंचीची हकीकत सांगितली. जालना तालुक्यातील या गावाने १९९६ सालापासून माथ्यावर चर खणले, शेतांना बांध घातले, नाले अडविले आणि पुढे शेततळी केली. २०१२ साली चहूकडे बागा वाळत असता तेथील द्राक्षवेली तगल्या. पाऊस तोच होता. गावाने तो जाऊ दिला नव्हता.

मृगाचा पहिला पाऊस आला, तेव्हा घरातली मंडळी दाराशी उभी राहून तो पाहत होती. मुलगा मात्र पोते पांघरून शेताच्या बांधावर गेला. पाणी कोणत्या वाटेने निसटते, ते त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते.